चौकाखाली माती हवी



मुंबईच्या माझगावात जुन्या चाळींच्या जागी उंच संकुलं उभी राहताहेत. त्यांच्या जाहिरातींत हल्ली कधीकधी एक बाग दिसते: इमारतींच्या मधोमध चौरस अंगण, चार सारखे वाफे, त्यांना छेदणारे पाण्याचे पाट, कडेने कमानी. मांडणी मुघल चारबागेची. ती पाहून आपल्या चौसोपी वाड्याचा चौकही आठवतो. मला ही कल्पना मनापासून आवडते. वाड्याच्या चौकातून तापलेली हवा वर निघून जाई, सोप्यांत गारवा राही, आणि चौक मातीचा असेल तर पावसाचं पाणी तिथंच मुरून विहिरीला मिळे.

संकुलातली बाग मात्र बहुधा पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर असते. स्लॅबवर मातीचा पातळ थर. त्यात हिरवळ येते, शोभेची झुडपं येतात. आंब्याच्या मुळांनी जायचं कुठे? आणि हे माझगावात! इथली आंब्याची झाडं वर्षातून दोनदा फळतात अशी ख्याती होती. टॉमस मूर या आयरिश कवीने १८१७ साली ‘लल्ला रूख’मध्ये माझगावच्या आंब्यांचा उल्लेख केला, इतकं त्यांचं नाव दूरवर गेलं होतं.

छतावरची बाग माझगावाला नवी नाही. भंडारवाडा टेकडीवरचं जोसेफ बाप्टिस्टा उद्यान १८८४ च्या जलाशयावरच आहे. पण तिथे खाली शहराचं पिण्याचं पाणी आहे, म्हणून ते छत हवंच. संकुलात खाली गाड्या असतात.

डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका प्रकरणात सांगितलं, की संकुलात सोडायची सक्तीची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची बाग तिची जागा घेऊ शकत नाही. पुढे मुंबईच्या ‘विकास नियमावली २०३४’ने हे सैल केलं. साठ टक्के जागा जमिनीवर, त्यातलीही किमान निम्मी खऱ्या मातीवर. उरलेली चाळीस टक्के पोडियमवर चालते. म्हणजे सक्तीच्या शंभर चौरस मीटरमागे मातीची खात्री फक्त तीस चौरस मीटरची. समुद्राकाठच्या, पावसाळ्यात तुंबणाऱ्या शहराला हे फार कमी आहे.

म्हणून माझगावकरांना माझी विनंती आहे. पुनर्विकासाच्या सभेत मंजूर नकाशा मागून घ्या. मातीवरची मोकळी जागा त्यात नेमकी कुठे आणि किती आहे, ते बिल्डरच्या वास्तुविशारदाला विचारा. आणि तिथे आंबा लावायची अट करारातच लिहून घ्या.