कल्याणचा जुना बिशप

भुसावळहून मुंबईकडे जाताना लागणाऱ्या कल्याणात येशूचा शिष्य बर्थलमय आला होता, असं काही अभ्यासक मानतात. आधार चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती इतिहासकार युसेबियसचा. पण तोही अडीचशे वर्षांनी, ऐकीव म्हणून लिहितो. कल्याणचं नाव घेत नाही, फक्त ‘इंडिया’ म्हणतो, आणि ‘इंडिया’ तेव्हा अरबस्तानालाही म्हणत. ही मला श्रद्धेची कथा वाटते, इतिहास नव्हे.

मग जुने ख्रिस्ती ग्रंथ सारेच टाकाऊ? मुळीच नाही. सहाव्या शतकातला व्यापारी कॉस्मस ‘कल्लियाना’त, म्हणजे बहुधा कल्याणात, इराणहून नेमलेला बिशप असल्याचं सांगतो. तो स्वतःच्या काळाबद्दल बोलतो, आणि त्यात चमत्कार नाही. पृथ्वी सपाट मानणाऱ्या कॉस्मसवर विश्वास कसा ठेवायचा, हा आक्षेप रास्त आहे. पण विश्वरचना त्यानं धर्मग्रंथातून काढली, बंदरांची माहिती व्यापारातून. शिवाय कल्याणचं नाव कान्हेरी लेण्यांतल्या शिलालेखांतही कोरलेलं आहे.