कष्टकऱ्यांचे चित्रकार : सुधीर पटवर्धन
(हिंगोली जिल्ह्यातील एका खेड्याच्या शाळेत पालकमंडळींपुढे दिलेले व्याख्यान)



परवा चौथीच्या मुलांस मी म्हटले, एक माणूस काढा. कोणी राजा काढिला, कोणी फौजदार, कोणी टोपीवाला साहेब. औतामागे चालणारा आपला बाप एकानेही काढिला नाही. चित्रात बसण्याचा मान आपल्या माणसाचा नव्हे, हे या लेकरांस कोणी शिकविले? म्हणून आज एका चित्रकाराची हकीकत सांगतो.

सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ साली पुण्यास झाला. १९७२ साली ते डॉक्टर झाले आणि १९७५ पासून तीस वर्षे त्यांनी ठाण्यास क्ष-किरण तपासणीचा व्यवसाय केला. चित्रकलेच्या शाळेत ते गेले नाहीत. आपले आपण शिकले. तरुणपणी मार्क्सचे विचार मनात रुजले होते. पोट डॉक्टरकीवर भरत असल्याने गिऱ्हाइकाचे तोंड पाहून चित्र काढण्याची पाळी त्यांच्यावर आली नसावी, असे मला वाटते.

मग काढिले काय? १९७७ चे 'इराणी रेस्टॉरंट', १९८० चे 'ट्रेन'. हॉटेलातला, आगगाडीतला साधा माणूस! कीव यावी असा केविलवाणा नव्हे. हाडापेराने भरलेला, चित्रात आपली जागा धरून असलेला. दिवसभर माणसांची हाडे पाहणाऱ्यास अंगमेहनतीची किंमत कळणारच. १९८२ साली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप केला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, त्या जागी टोलेजंग इमारती उठल्या. ते पालटते गिरणगाव त्यांनी २००१ साली 'लोअर परळ' या चित्रात धरिले.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, हमालाचे चित्र शेवटी शेठच्याच भिंतीवर ना? खरे आहे. ज्याचे चित्र त्यालाच ते दिसत नाही, हा पेच मोठा आहे. २००८-०९ साली पटवर्धनांनी अनेक चित्रकारांची चित्रे जमवून 'विस्तारणारी क्षितिजे' हे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरोशहरी नेले. पेच त्याने सुटला असे नाही. शहर म्हणजे खेडे नव्हे. पण चित्रे लोकांच्या दारी नेण्याची खटपट किती चित्रकार करतात?

असो. काल मुलांस पुन्हा कागद दिले आणि म्हटले, घरी कामाला असलेले माणूस काढा. कोणाची आई खुरपते आहे, कोणाचे आजोबा भात्यापाशी आहेत. मागल्या भिंतीवर ती चित्रे लाविली आहेत. जाताना आपापले पाहून जा.