मतदार यादीत सापडलेल्या बायका

आजचा भाग थोडा जड आहे, पण शेवटपर्यंत ऐका.

आयर्लंड म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना सविता हलप्पनवार आठवते. बेळगावची डेंटिस्ट. 2012 मध्ये गॉलवेच्या हॉस्पिटलमध्ये तिला गर्भपात नाकारला गेला आणि सेप्सिसने ती गेली. पुढे 2018 मध्ये 66 टक्क्यांहून जास्त मतदारांनी कौल दिला आणि घटनेतली गर्भपातबंदी गेली. ही बातमी आपल्यापर्यंत पोचली. पण बाईच्या शरीरावर पहारा ठेवायची सवय त्या देशाला जुनीच होती. त्या पहाऱ्याचा एक मोठा भाग आयर्लंडच्या अभ्यासकांनी कसा उजेडात आणला, ते आज बोलू.

तिथे मॅग्डलीन लाँड्री नावाच्या जागा होत्या. नाव बायबलमधल्या मेरी मॅग्डलीनवरून. परंपरेने तिला पश्चात्ताप करणारी पापी बाई ठरवलं होतं. 1922 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा अशा 10 लाँड्री होत्या, 4 ननसंघ त्या चालवायचे. आत बायका दिवसभर कपडे धुवायच्या, इस्त्री करायच्या. हॉटेलांचे, हॉस्पिटलांचे, सरकारी खात्यांचेसुद्धा कपडे. पगार? शून्य. कारण कागदावर ते काम नव्हतंच, ते ‘प्रायश्चित्त’ होतं! आत गेल्यावर बऱ्याच जणींचं नावही बदलायचे. शेवटची लाँड्री डब्लिनमध्ये बंद झाली 1996 मध्ये. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही ही.

आत कोण होतं? लोकांचा समज असा, की ‘बिघडलेल्या’ बायका. पण संशोधनातून वेगळंच दिसलं. कुणाला कोर्टाने पाठवलेलं, कुणाला घरच्यांनी आणून सोडलेलं, कुणी अनाथ मुलांच्या संस्थेतून थेट इथे आलेली. कुणी लग्नाआधी आई झालेली. तर कुणी ‘बिघडू शकते’ एवढ्याच संशयावरून आत. संशय मुलीवर, शिक्षाही मुलीलाच.

1993 मध्ये डब्लिनच्या हाय पार्क इथल्या ननसंघाने जमीन विकायला काढली. त्या जमिनीत लाँड्रीतल्या बायकांची दफनभूमी होती. 133 जणींचे अवशेष हलवायची परवानगी घेतली होती. खणल्यावर आणखी 22 सापडले. कित्येकींचा मृत्यूचा दाखलाच नव्हता. लोक हादरले, प्रश्न विचारायला लागले: या होत्या तरी कोण?

आता अभ्यासकांची अडचण बघा. एकोणिसाव्या शतकातल्या लाँड्रींवर मारिया लडी या इतिहासकार बाईंनी जुनी कागदपत्रं वाचून लिहिलं. पण विसाव्या शतकाच्या नोंदवह्या ननसंघांनी संशोधकांना दाखवल्या नाहीत. मग इतिहास लिहायचा कशावरून?

इथे क्लेअर मॅकगेट्रिक यांचं काम येतं. ‘जस्टिस फॉर मॅग्डलीन्स’ गटातल्या या कार्यकर्तीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी कबरींवरची नावं उतरवून घेतली आणि ती मतदार याद्यांशी ताडून पाहिली. बरोबर ऐकलंत, मतदार यादी! आत कोंडलेल्या बायकांची नावं सरकारच्या यादीत होती, पत्ता लाँड्रीचा. समजा, एक नाव एका वर्षीच्या यादीत आहे, 10 वर्षांनंतरच्या यादीतही आहे आणि पुढे कबरीवर आहे. म्हणजे ती बाई बाहेर आलीच नाही.

हे एवढं महत्त्वाचं का? कारण 2013 मध्ये सरकारी समितीचा अहवाल आला. त्याने मान्य केलं, की 1922 पासून किमान 10,000 बायका आत गेल्या आणि सुमारे 26 टक्के प्रकरणांत पाठवण्यात सरकारचा हात होता. मोठी गोष्ट! पण त्याच अहवालात असंही होतं, की निम्म्या जणी सात महिन्यांच्या आत बाहेर पडल्या. ऐकणाऱ्याला वाटेल, चला, फार दिवस नव्हत्या म्हणजे. पण हा हिशोब फक्त मुक्काम नोंदलेला होता त्यांचा. अर्ध्याहून जास्त प्रवेशांत मुक्काम किती, याची माहितीच नव्हती. जन्मभर आत राहिलेल्यांचा शोध त्या मतदार याद्यांनी आणि कबरींनी दिला.

दुसरं साधन म्हणजे बायकांचं स्वतःचं बोलणं. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये कॅथरीन ओडॉनेल यांच्या पुढाकाराने वाचलेल्या बायकांच्या मुलाखती नोंदवल्या गेल्या. ‘पुरावा कुठे आहे?’ असं विचारणाऱ्यांना उत्तर होतं, की ही बाई स्वतः सांगतेय, हाही पुरावाच आहे.

मग 19 फेब्रुवारी 2013 ला पंतप्रधान एन्डा केनी यांनी संसदेत माफी मागितली. भरपाईची योजना आली, मुक्कामाच्या काळाप्रमाणे 11,500 ते 1,00,000 युरो. आणि मला सगळ्यात मोठं वाटतं ते म्हणजे पेन्शन. ‘प्रायश्चित्त’ म्हणून जे मोजलंच नव्हतं, ते शेवटी ‘काम’ म्हणून मोजलं गेलं. तोवर कित्येक जणी मात्र गेल्या होत्या.

स्त्रीवादी संशोधन म्हटलं की अवघड शब्द, जाड पुस्तकं असं वाटतं ना? इथे ते म्हणजे दोन याद्या शेजारी ठेवून एकेक नाव जुळवणं होतं. बाईच्या कष्टाला त्याग, सेवा, प्रायश्चित्त, काहीही सुंदर नाव दिलं, की पगार द्यावा लागत नाही आणि हिशोबही ठेवावा लागत नाही. म्हणून नाव कोण देतंय, ते आधी बघायचं.

त्या मुलाखती इंग्रजीत ऑनलाइन वाचायला मिळतात, अगदी फोनवरही. एक तरी वाचा आणि काय वाटलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!