मंडईची वाट कोणासाठी?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर वाहने उभी करण्यास शुल्क लावण्याचा वा बंदी घालण्याचा विषय निघाला की ठरलेला आक्षेप पुढे येतो : गिऱ्हाईक गाडीने येते; गाडीला जागा नसेल तर ते उपनगरातल्या मॉलकडे वळेल आणि पेठेतला व्यापार बसेल. हा आक्षेप खोडसाळ नाही. दुकानदाराच्या मागे त्याचे नोकर आहेत, हमाल आहेत, पथारीवाले आहेत. बाजार बसला तर प्रथम त्यांच्याच पोटावर पाय येईल. म्हणून त्याचे उत्तर तुच्छतेने नव्हे, हिशेबाने दिले पाहिजे.

हिशेबासाठी लांब जायला नको. याच रस्त्यालगत तुळशीबाग आहे. तिच्या बोळांत मोटार शिरूच शकत नाही, आणि तरीही सणासुदीला तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. दिवाळीआधीच्या रविवारी लक्ष्मी रस्त्यावर लोटणारी गर्दी पायांवर चालणारी असते. कडेला उभ्या असलेल्या मोटारीच्या जागेवर तासाभरात फार तर एक-दोन कुटुंबे उतरतात, आणि पुष्कळदा ती मोटार खुद्द दुकानदाराचीच असून सकाळपासून रात्रीपर्यंत हलत नाही! एक बस थांब्यावर मिनिटभर टेकते आणि तीस-चाळीस माणसे उतरवून निघून जाते.

आता जागेचा प्रश्न. खुल्या वाहनतळावर एका मोटारीला, आत-बाहेर करण्याच्या वाटेसह, सुमारे 23 चौरस मीटर जागा धरली जाते. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत एका संपूर्ण कुटुंबाला दीर्घकाळ 225 चौरस फूट, म्हणजे 21 चौरस मीटरांहून किंचित कमी जागेचे घर मिळत असे. माणसांच्या घरापेक्षा रिकाम्या मोटारीला अधिक भूमी देणारी ही नियोजनाची दृष्टी कोणत्या वर्गाची, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार फेरीवाल्याने त्याच रस्त्यावरच्या काही फुटांसाठी परवाना घ्यावा, शुल्क भरावे. मोटारीला मात्र शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर ते फुकट आहे.

1886 साली उभ्या राहिलेल्या मंडईच्या इमारतीवरील खर्चाला नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच इमारतीला त्यांचे नाव मिळाले, हा इतिहासाचा विनोद. आज तिच्या आसपास महापालिकेची बहुमजली वाहनतळे उभी आहेत. सार्वजनिक पैसा कोणाच्या सोयीसाठी, हा जोतीरावांचा प्रश्न तिथेच उभा आहे.

येथे कार्यकर्त्यांनी एक सावधगिरी बाळगावी. पुण्यात रस्ते व्यापले आहेत ते मोटारींबरोबर दुचाकींनीही, आणि दुचाकी हे श्रीमंतीचे लक्षण नव्हे. ज्याचा कारखाना हडपसरला आणि घर धायरीला, त्याने हप्त्यावर दुचाकी घेतली ती बस वेळेवर येत नाही म्हणून. एकेकाळी सायकलींचे म्हणून ओळखले जाणारे हे शहर इंधनाच्या दावणीला बांधले गेले, ते नागरिकांच्या चैनीमुळे नव्हे. त्याला दोषी धरणारी चळवळ आपलाच पाया खणील.

दोष धोरणाच्या अंमलाचा आहे. वाहनांना नव्हे, माणसांना वाहून नेण्यास प्राधान्य, हे 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचे सूत्र. त्याच वर्षी पुण्यात बससाठी स्वतंत्र मार्गिकेचा प्रयोग सुरू झाला आणि अर्धवट राहिला. 2007 मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड यांच्या बससेवा एक झाल्या. 2018 साली महापालिकेने सशुल्क वाहनतळाचे धोरण संमत केले; विरोध होताच ते प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांपुरते आक्रसले. जून 2025 मध्ये मात्र बसचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले. मोटारवाल्याकडून पैसे घेताना हात कापतो, बसच्या प्रवाशाकडून घेताना कापत नाही.

ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात 1972 साली मुख्य बाजाररस्ता वाहनांना बंद करण्यात आला, तेव्हा तेथील दुकानदारही असेच खवळले होते. पुढे त्यांनीच ती व्यवस्था वाढवण्याची मागणी केली. पण त्या शहराने पाठोपाठ बससेवाही उभी केली, हे विसरून चालणार नाही. पुण्यात 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा झाला. वर्षातून एक दिवस चालू देणे हा उत्सव झाला, व्यवस्था नव्हे.

सप्टेंबर 2024 पासून मेट्रो थेट मंडईखाली येऊन थांबते. मेट्रोच्या मार्गावर न राहणाऱ्यांचे काय, हा खरा प्रश्न. रात्री नऊनंतर दुकाने बंद होतात तेव्हा धनकवडी, कोथरूड, हडपसरकडे जाणाऱ्या बस किती मिनिटांनी सुटतात, याची नोंद शाखेच्या कार्यकर्त्यांनी महिनाभर थांब्यावर उभे राहून करावी. त्या वेळी तिथे गिऱ्हाईक आणि दुकानातला नोकर एकाच रांगेत उभे असतात. ती वही घेऊन महापालिकेकडे जाण्यापूर्वी प्रथम व्यापाऱ्यांच्या संघटनेकडे जावे, आणि बसच्या मागणीच्या निवेदनावर पहिली सही त्यांचीच मागावी.