घर कोणाचं? शेजार कशासाठी?

(वसई-विरार पट्ट्यातील महिला मंडळांच्या बैठकीत केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

आज बोलायचं आहे कायद्याबद्दल, पण सुरुवात दारावरच्या पाटीपासून करू या. आपापल्या इमारतीचा जिना आठवा. किती पाट्यांवर बाईचं नाव आहे? घराच्या करारनाम्यावर किती जणींचं? आणि त्याच घरासाठी दागिने किती जणींचे मोडले?

१९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली कितीतरी कुटुंबं खोली विकून डोंबिवली, नालासोपारा, विरारकडे आली. वेगळं स्वयंपाकघर, घरातच संडास-मोरी. बाईला हे हवंच होतं. चाळीचे गोडवे मी गाणार नाही. तिथेही नवरे मारायचे आणि लोक बघत राहायचे. पण दार उघडं असायचं, एखादी म्हातारी मध्ये पडायची. इथे ब्लॉकचं दार बंद होतं. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं. आपण टीव्हीचा आवाज वाढवतो आणि म्हणतो, "त्यांचं घरगुती आहे."

आमच्याकडे येणाऱ्या बाईला विचारावं, "इतकी वर्षं का सोसलंस?" तर उत्तर ठरलेलं: "घर त्यांच्या नावावर आहे. बाहेर काढलं तर जाऊ कुठे?" ही भीती मारणाऱ्याच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार आहे.

ते काढून घेण्यासाठी चळवळीने कायदा मागितला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याचं कलम १७ सांगतं, घर नावावर असो वा नसो, सामायिक घरात राहण्याचा बाईला हक्क आहे. कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. कलम १९ खाली मॅजिस्ट्रेट मारणाऱ्या नवऱ्यालाच घराबाहेर जायला सांगू शकतात, किंवा तिला तशाच दर्जाची दुसरी जागा द्यायला लावू शकतात.

पण डिसेंबर २००६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सासूच्या मालकीचं घर सुनेसाठी सामायिक घर ठरत नाही. पळवाट मिळाली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हा अर्थ चुकीचा ठरवला. आता सासऱ्यांच्या नावावरचं घरही सामायिक घर असू शकतं. मात्र नीट लक्षात घ्या, हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. वृद्ध सासू-सासऱ्यांची बाजूही न्यायालय बघतं.

म्हणून मालकीचा आग्रह सोडू नका. झोपडपट्टी पुनर्वसनात घराचा करार नवरा-बायको दोघांच्या नावे करण्याची तरतूद आहे. मग दोघांच्या कष्टाने घेतलेल्या ब्लॉकवर एकट्याचं नाव का?

आता शेजाराबद्दल. याच कायद्याचं कलम ४ फारसं कोणी वाचत नाही. हिंसा घडते आहे, घडली आहे किंवा घडेल असं वाटलं, तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. म्हणजे "आपण कशाला पडा?" या प्रश्नाला कायद्यानेच उत्तर दिलं आहे.

करायचं काय? ओरडा ऐकू आला की बेल वाजवा. वाटीभर साखर मागा, काहीही मागा. मारणाऱ्याला कळू दे की बाहेर कोणी ऐकतं आहे. एकटीने जाऊ नका, दोघीतिघी जा. जिवाला धोका वाटला तर ११२ ला फोन करा. दुसऱ्या दिवशी तिला एकटीला गाठा आणि आधी विचारा, "तुला काय हवंय?" तिच्या वतीने आपण निर्णय घ्यायचा नाही. रेशनकार्ड, आधार, मुलांच्या शाळेचे दाखले, दवाखान्याचे कागद यांच्या प्रती तिने तुमच्याकडे ठेवल्या, तर सांभाळा. ती त्या घरात राहत होती याचा पुरावा उद्या तिथूनच मिळेल.

मैत्रिणींनो, कायदा कागदावर आहे. संरक्षण अधिकारी तालुक्याला बसतात. भिंतीपलीकडे मात्र तुम्ही-मी आहोत. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घराचा करारनामा वाचून यायचं आणि शेजारणीला सोबत आणायचं.