कराराचा कागद आणि बटाट्याची प्रतवारी



मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण करारनाम्यांचे मसुदे वाचतावाचता झाले. तेव्हा कंत्राटी शेतीवर बोलताना मी शेतीपेक्षा करारावरच अधिक बोलणार, त्याबद्दल क्षमा असावी.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली ही व्याख्यानमाला सुरू केली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यातील सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. खत लिहिणार एक आणि त्यावर अंगठा उठवणार दुसरा, हे त्यांचे दुखणे. पुढे १८७९ च्या कायद्याने खतामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला.

आज आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर चला. तेथे पावसाच्या पाण्यावर खरीप बटाटा होतो आणि वेफर बनवणाऱ्या कंपन्या त्याचा करार करतात. बियाणे कंपनीकडून मिळते, दर लागवडीआधी ठरतो. यात शेतकऱ्याचे हित नाही असे मी म्हणणार नाही. ऐन काढणीत बाजार कोसळला, तर ठरलेला दर लहान शेतकऱ्याला तारून नेतो.

परंतु दर ठरला म्हणजे उत्पन्न ठरले असे नव्हे. समजा, करारात किलोला १८ रुपये लिहिले. शंभर पोत्यांपैकी वीस पोती ‘बारीक’ किंवा ‘डागी’ म्हणून बाजूला काढली, आणि ती बाहेर ८ रुपयांनी विकली. सरासरी पडली १६ रुपये. त्यातून बियाणे, खते, औषधे, मजुरी वजा करा. मग सांगा, दर कोणी ठरवला? करारातील आकड्याने, की प्रतवारी करणाऱ्या हाताने?

मुंबईच्या गिरण्यांत हेच चाले. विणकराचे कापड खराब ठरवून त्याच्याच गळ्यात मारीत आणि किंमत पगारातून कापीत. १९३६ च्या वेतन कायद्याने अशा कपातींना मर्यादा घातली. त्यामागे मालकाची दया नव्हती. कामगारांचे संप होते.

उसाचेही तसेच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने किमान दर, १४ दिवसांत पैसे आणि विलंबास १५ टक्के व्याज ही तत्त्वे घातली. सगळेच कारखाने ती पाळतात असे नाही. पण थकबाकीसाठी मोर्चा निघतो, तेव्हा शेतकऱ्याला बोट ठेवायला कलम असते. बटाटेवाल्याने बोट कशावर ठेवावे?

महाराष्ट्राने २००६ साली बाजार समितीच्या कायद्यात कंत्राटी शेतीला जागा दिली. केंद्राच्या २०२० च्या कायद्याने तर कराराचे तंटे दिवाणी न्यायालयाऐवजी प्रांताकडे सोपवले होते. दिल्लीच्या वेशीवरील आंदोलनानंतर २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. कायदा गेला, पण प्रश्न उरलाच.

माझ्या अनुभवाने सांगतो, एकट्याने केलेला करार म्हणजे समोरच्याच्या अटींना दिलेला होकार. गावाने एकत्र बसून करार करावा. प्रतवारी शेतकऱ्यांच्या प्रतिनिधीसमोर, शेताच्या बांधावर व्हावी. नापसंत मालाचे कारण लेखी मिळावे. आणि करार मराठीत असावा, त्याची एक प्रत शेतकऱ्याच्या घरी असावी.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण ते त्यांना वाचता येत नव्हते. त्यांच्या पणतवंडांना वाचता येते; आता तो लिहिताना त्यांना बसायला जागा हवी.