दूर पल्ल्याची धांव आणि मनाचा टिकाव

(महोत्सवाच्या सप्ताहांत धर्मग्रामांतील तरुणांपुढें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेंत धांवण्याविषयीं कोणी बोलावें याचें कांहीं वडील मंडळींस नवल वाटलें, असें माझ्या कानीं आलें आहे. त्यांस नम्रपणें इतकेंच सांगतों कीं, करिंथच्या मंडळीस पत्र लिहितांना संत पौलानें धांवपटूचा दृष्टांत घेण्यांत कमीपणा मानिला नाहीं. करिंथ शहराजवळच इस्थमियन खेळ भरत असत. तेथील लोकांस तो दृष्टांत समजावून सांगण्याची गरज नव्हती. शिवाय आपल्यांतील कित्येक तरुण पहाटेच्या अंधारांत रस्त्यानें धांवूं लागले आहेत. कोणी अर्धी मॅरेथॉन केली, कोणी पुरी केली, आणि आतां त्याहून लांबच्या पल्ल्याच्या गोष्टी चालल्या आहेत. त्यांच्या आयांच्या पोटांत मात्र भीतीचा गोळा उठतो. शहरांतील शर्यतींत एखादा धडधाकट तरुण कोसळल्याची बातमी वर्तमानपत्रांत आपण सर्वांनीं वाचिली आहे, तेव्हां ती भीति निराधार नव्हे. मुलगा आणि आई या दोघांसही उपयोगी पडेल असें कांहीं सांगावें, हा माझा हेतु.

मॅरेथॉनचा पल्ला ४२ किलोमीटर व १९५ मीटर. त्यापुढील सर्व धांवांस अतिदूर पल्ल्याच्या धांवा म्हणतात. कोणी १०० किलोमीटर धांवतो, कोणी १०० मैल, कोणी अहोरात्र. या सर्वांची माहिती देत बसलों तर रात्र होईल. एकाच रस्त्याची गोष्ट सांगतों.

दक्षिण आफ्रिकेंत पीटरमॅरिट्झबर्ग नांवाचें शहर आहे. १८९३ सालीं महात्मा गांधींस आगगाडीच्या डब्यांतून उतरविलें, तें स्टेशन याच शहराचें, म्हणून आपणां भारतीयांस हें नांव अपरिचित नाहीं. तेथून समुद्रकांठच्या डर्बन शहरापर्यंतचा रस्ता ८७ ते ९० किलोमीटरांचा, आणि सारा डोंगराळ. पहिल्या महायुद्धांत पूर्व आफ्रिकेच्या रानांतून सुमारें २,७०० किलोमीटरांची चाल केलेला व्हिक क्लॅपहॅम नांवाचा एक आगगाडीचा ड्रायव्हर होता. मेलेल्या सोबत्यांचें स्मारक दगडाचें न होतां कष्टांचें व्हावें, असें त्याच्या मनानें घेतलें, आणि या रस्त्यावर शर्यत भरविण्याची परवानगी त्यानें माजी सैनिकांच्या संघाकडे मागितली. ती वारंवार नाकारण्यांत आली. अखेर १९२१ सालीं होकार मिळाला, आणि खर्चासाठीं एक पौंड उसना मिळाला. २४ मे रोजीं ३४ जण निघाले, १६ पोहोंचले. त्या शर्यतीचें नांव ‘कॉम्रेड्स’, म्हणजे सोबती. महायुद्धाचीं वर्षें व अलीकडील साथीचा काळ सोडला तर ती आजवर चालू आहे. एका वर्षीं डर्बनकडे उतरावयाचें, दुसऱ्या वर्षीं बहुधा उलट चढावयाचें. २०१० सालीं १४,००० हून अधिक लोकांनीं ती पुरी केली. आपल्या महाराष्ट्रांतूनही आतां पुष्कळ स्त्रीपुरुष तेथें धांवावयास जातात.

पुढच्याच वर्षीं, १९२२ सालीं, आर्थर न्यूटन हा ३९ वर्षांचा शेतकरी या शर्यतींत उतरला. सरकारशीं जमिनीविषयीं त्याचा तंटा होता, आणि शर्यत जिंकली म्हणजे लोकांचें लक्ष आपल्या तक्रारीकडे वळेल, असा त्याचा हिशेब. त्या तंट्यांत न्याय सर्वस्वीं त्याच्याच बाजूस होता असें मला वाटत नाहीं. कारण त्या देशांत जमिनीचा मूळ प्रश्न काळ्या लोकांच्या हक्काचा होता. परंतु त्याची तयारी पाहण्यासारखी आहे. १ जानेवारीस त्यानें धांवण्याचा अभ्यास आरंभिला आणि २४ मे रोजीं ८ तास ४० मिनिटांत शर्यत जिंकली. पुढें १९२३, १९२४, १९२५ व १९२७ सालींही तोच पहिला आला. १९२३ सालीं तर तो ६ तास ५६ मिनिटांत पोहोंचला, आणि इतक्या लौकर कोणी येईल अशी कोणाचीच कल्पना नव्हती. वयाच्या ५१ व्या वर्षीं, १९३४ सालीं, इंग्लंडांत त्यानें १४ तास ६ मिनिटांत १०० मैल तोडले.

ह्याचें रहस्य काय? त्या काळचे शिक्षक थोडें व जोराचें धांवावयास सांगत. न्यूटननें उलट केलें. तो सावकाश धांवे, पण रोज धांवे, आणि पल्ला हळूहळू वाढवी. सरावांत स्वतःची परीक्षा पाहण्यासाठीं वेगानें धांवणें हा त्यास शक्तीचा अपव्यय वाटे. पावलें बुटकीं, जमिनीस धरून टाकलेलीं. चढावर हट्ट नाहीं, उतारावर उधळेपणा नाहीं. पेय म्हणून लिंबाचें सरबत, त्यांत भरपूर साखर आणि अर्धा चमचा मीठ. आपल्या आज्या उन्हांतून आलेल्या माणसाच्या हातीं हेंच भांडें देत आल्या आहेत! शर्यतीच्या वाटेवर दरडींत एक कोनाडा आहे. न्यूटन तेथें विसांवा घेई असें सांगतात. आजही धांवणारे तेथें फूल ठेवून त्यास सुप्रभात म्हणून पुढें जातात. रस्त्यावरील क्रूसास हार घालून कामावर जाणाऱ्या आपल्या लोकांस ह्यांत कांहीं विचित्र वाटूं नये.

तरुणांनो, तुमच्यासाठीं या सावकाशपणाचें एक माप सांगतों. जपमाळेचें एक दशक धाप न लागतां मोठ्यानें म्हणतां आलें पाहिजे. तें म्हणतां येत नसेल तर वेग अधिक आहे असें समजावें. एका आठवड्यांत मागील आठवड्याच्या एक दशांशाहून अधिक भर घालूं नये. आठवड्यांतून एकच दिवस लांब पल्ल्याचा, एक दिवस पूर्ण विश्रांतीचा. तीन आठवडे वाढविल्यावर चौथा उतरता ठेवावा. फुप्फुसें आणि हृदय लौकर सुधारतात. स्नायुबंध व हाडें यांस कित्येक महिने लागतात, आणि दुखापत होते ती याच तफावतींत. ज्यानें दोन वर्षें नेमानें धांवून मॅरेथॉन पचविली नाहीं, त्यानें ९० किलोमीटरांचें नांव काढूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

आतां शरीराच्या शिदोरीचा हिशेब. ६० किलो वजनाच्या मनुष्यास एक किलोमीटर धांवण्यास सुमारें ६० कॅलरी लागतात. म्हणजे ८८ किलोमीटरांस ५,००० हून अधिक. स्नायूंत व यकृतांत साठविलेली साखर सुमारें २,००० कॅलरींची. ती तिसाव्या-पस्तिसाव्या किलोमीटराच्या आसपास सरत येते, पाय शिशाचे होतात, आणि मनावर विनाकारण काळोखी पसरते. ही काळोखी पुष्कळदां मनाचा दुबळेपणा नसून केवळ भूक असते! वेळीं केळें, उकडलेला बटाटा, गुळाचा खडा पोटांत गेला तर पंधरावीस मिनिटांत जग पुन्हां उजळतें. चरबीची शिदोरी मात्र सडपातळ मनुष्याजवळही कित्येक दिवसांची असते, आणि ती जाळण्याची कला त्या सावकाश धांवण्यानेंच अंगीं येते.

पाण्याविषयीं एक मोठा गैरसमज आहे. पाणी कमी पडून त्रास होतो हें सर्वांस ठाऊक. अति पाण्यानें मनुष्य मरूं शकतो हें थोड्यांस ठाऊक असतें. डॉ. टिमथी नोक्स व त्यांचे सहकारी यांनीं १९८५ सालीं अशा धांवपटूंची हकीकत प्रसिद्ध केली. तहान नसतांही पीत राहिल्यानें रक्तांतील सोडियम पातळ होतें, मेंदूस सूज येते, मनुष्य भ्रमिष्टासारखा बोलूं लागतो, त्यास झटके येतात. म्हणून तहान लागेल तसें प्यावें, अधिक नको. आणि दुखणें दाबण्यासाठीं वेदनाशामक गोळ्या खाऊन धांवूं नये. ऊन, घाम व त्या गोळ्या मिळून मूत्रपिंडें निकामी करितात.

इतकें झाल्यावर मनाकडे वळतों. संत थॉमस अक्विनस यानें धैर्य या सद्गुणाचा विचार करतांना एक प्रश्न घातला आहे: हल्ला करणें हें धैर्याचें मुख्य कर्म, कीं टिकून राहणें? त्याचें उत्तर, टिकून राहणें. त्याचें एक कारण असें कीं, हल्ला क्षणाच्या आवेशांतही करितां येतो, परंतु टिकून राहण्यांत काळाची लांबी असते. अतिदूर पल्ल्याच्या धांवेंत काय घडतें तें याहून नेमकें सांगतां येणार नाहीं. आवेश हा पहिल्या १० किलोमीटरांचा पाहुणा. आरंभरेषेवर मुठी आवळून, गर्जना करून निघालेले वीर दुपारी रस्त्याच्या कडेस बसलेले दिसतात.

मग टिकतो तो कशानें टिकतो? डर्बनच्या वाटेवर पाइनटाऊन लागतें. त्याच्या जवळ मॅरियनहिल येथें १८८२ सालीं मठाधिपति फ्रान्झ फान्नर यांनीं ट्रॅपिस्ट संन्याशांचा मठ स्थापिला. गांधीजींनीं तो पाहिला होता व त्याविषयीं आदरानें लिहिलें होतें. त्या संन्याशांचा दिवस प्रार्थनेच्या घटकांनीं बांधलेला असे. आयुष्यभराचें मौन व कष्ट एकदम डोळ्यांपुढें आणिले तर छाती दडपेल. पण पुढील घंटेपर्यंतचें काम कोणासही करितां येतें. धांवणाऱ्याचें तसेंच आहे. ‘अजून ५० किलोमीटर’ हा विचार पायांतील बळ काढून घेतो. ‘त्या झाडापर्यंत, मग पाण्याच्या टेबलापर्यंत’ हा विचार पाय उचलवितो. चढाच्या शर्यतींत अगदीं शेवटीं, दहा किलोमीटरांच्या आंत, पॉली शॉर्ट्स नांवाचा चढ येतो. जाणते तेथें लाज न धरितां चालतात. किती पावलें चालावयाचीं व कोठून पुन्हां धांवावयाचें हें त्यांनीं आधींच ठरविलेलें असतें. थकलेल्या मनास निर्णय करावयास लावूं नये. निर्णय ताज्या मनानें आधींच करून ठेवावे. आणि ही संवय शर्यतीच्या दिवशीं येत नाहीं. पाऊस असतां, कंटाळा असतां, ठरलेले ५ किलोमीटर ज्यानें मुकाट्यानें पुरे केले, त्याचेंच मन त्या दिवशीं आज्ञेंत राहतें. पहाटेच्या गाडीनें भाजीच्या पाट्या घेऊन जन्मभर मुंबई गांठणाऱ्या आपल्या मावश्यांस हें शिकवावयास नको.

मात्र टिकणें आणि हट्ट हीं एक नव्हेत. सर्वांगाची शीण ही सोसावयाची. पण छातींत कळ, डोळ्यांपुढें अंधारी, बोलण्यांत असंबद्धता, एकाच हाडांत टोंचणारी वेदना, काळपट लघवी, यांपैकीं कांहींही झालें कीं थांबावें व वैद्यास गांठावें. सद्गुणांच्या क्रमांत शहाणपण पहिलें व धैर्य त्याच्या आज्ञेंतलें, हें तुम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गांत शिकलां आहां. थांबलेल्या सोबत्यास भित्रा म्हणून चिडविणारा मित्र मला मान्य नाहीं. असल्या चिडविण्यानें मनुष्य मृत्यूच्या दारीं जाऊं शकतो.

या शर्यतीच्या इतिहासांत माझ्या मतें सर्वांत कठीण धांव जिंकणाऱ्यांची नव्हे. १९२३ सालीं फ्रान्सिस हेवर्ड या स्त्रीचा अर्ज नाकारण्यांत आला. ती तशीच धांवली आणि ११ तास ३५ मिनिटांत पोहोंचली. १९३५ सालीं रॉबर्ट म्छाली हा काळा मनुष्य ९ तास ३० मिनिटांत पोहोंचला. तोही बिनक्रमांकाचा, कारण शर्यत गोऱ्या पुरुषांपुरतीच होती. स्त्रियांस व सर्व वर्णांच्या लोकांस अधिकृतपणें दार उघडलें तें १९७५ सालीं. सोबत्यांच्या नांवानें भरणाऱ्या शर्यतीस सोबती कोण हें कळावयास चौपन्न वर्षें लागलीं! पदक मिळणार नाहीं, नांव लिहिलें जाणार नाहीं, हें ठाऊक असतां ९० किलोमीटर धांवणें म्हणजे काय, याचा विचार तुम्ही घरीं जाऊन करा.

हल्लीं त्या शर्यतीस १२ तासांची मुदत असते. घटका भरली कीं एक अधिकारी येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो, कोणाचा चेहरा दिसून हात अडखळूं नये म्हणून, आणि बंदूक उडवितो. त्यानंतर एका पावलानें चुकलेल्यासही प्रवेश नाहीं. म्हणून तेथें एक सुंदर प्रथा पडली आहे. एखादा अनुभवी धांवपटु फलक धरून मध्यम गतीनें निघतो, आणि त्याच्यामागें शेंकडों अनोळखी लोक जमतात. त्या घोळक्यास ‘बस’ म्हणतात व पुढाऱ्यास ड्रायव्हर. केव्हां चालावयाचें, केव्हां धांवावयाचें तें तो सांगतो, गाणें म्हणवितो, रडणाऱ्यास बोलतें करितो. स्वतः तो पुष्कळ आधीं पोहोंचूं शकला असता. वाटेंत एथेंबेनी या अपंग व अंध मुलांच्या शाळेचीं मुलें रस्त्याच्या कडेस येऊन हात पुढें करितात, आणि धांवणारे त्या हातांस हात लावीत जातात. मनाचें बळ एकट्याचें असतें असें ज्यास वाटतें, त्यानें हें पाहावें.

वॉली हेवर्ड यानें १९३० सालीं, २१ व्या वर्षीं, ही शर्यत जिंकली आणि वीस वर्षांनीं, १९५० सालीं, पुन्हां जिंकली. पुढें आणखी तीनदां. १९८८ सालीं, ७९ व्या वर्षीं, तो ९ तास ४४ मिनिटांत पोहोंचला. पुढील वर्षीं, ८० व्या वर्षीं, तो पुन्हां उतरला. तेव्हां मुदत ११ तासांची होती. बंदूक उडण्यास १ मिनिट ५७ सेकंद उरले असतां तो रेषेच्या आंत आला.

ज्यांस यावयाचें असेल त्यांनीं येत्या रविवारीं पहाटे पांच वाजतां देवळाच्या आवारांत जमावें. पहिल्या मिस्सेच्या आधीं परत यावयाचें आहे. पल्ला ३ किलोमीटरांचा. आयांनीं यावें, त्यांनीं चालावें. लिंबाचें सरबत तयार असेल.